पोर्तुगाल, स्पेन आणि आमच्या ताई

लंचला बसलं की ताई डब्याचं झाकण आपल्या डाव्या हाताला ठेवायच्या आणि पाण्याचा ग्लास उजव्या हाताला. झाकणावर बोट टेकवून म्हणायच्या, "हा पोर्तुगाल." मग ग्लासावर बोट. "आणि हा स्पेन." मध्ये डबा. त्यात बहुतेक वेळा मटकीची उसळ नाहीतर मेथीची भाजी. एवढी मांडणी झाली की त्या पहिला घास घ्यायच्या आणि बोलायला लागायच्या.

"पोर्तुगालमध्ये पाव स्वस्त. मासळी ताजी. दुकानदारसुद्धा इंग्लिश बोलतो." ऐकणाऱ्याला वाटावं, चला, पोर्तुगाल ठरला. तेवढ्यात त्या हातातला घास थांबवून म्हणायच्या, "आता जरा दुसऱ्या बाजूने बघ."

दुसऱ्या बाजूला स्पेन असायचा. स्पेनमध्ये पगार जास्त. नोकऱ्याही जास्त तऱ्हेच्या. पेट्रोल इतकं स्वस्त की सरहद्दीजवळचे पोर्तुगीज लोक गाडीची टाकी भरायला पलीकडे जातात. आता वाटावं, स्पेन जिंकला. की पुन्हा, "पण आता दुसऱ्या बाजूने बघ." हे जेवण संपेपर्यंत चालायचं. शेवटी डबा बंद करायला त्या झाकण उचलायच्या आणि टेबलावरून पोर्तुगाल नाहीसा व्हायचा.

तुमच्याही ऑफिसात एखाद्या विषयाचं असं वेड असलेलं कोणीतरी असेल. सिडनीत दोन माणसं लिफ्टमध्ये भेटली तरी घरांच्या किमती निघतात. आमच्या ताई मात्र सिडनीच्या पश्चिमेला, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर बसून, ज्यांच्याशी आमच्या कंपनीचा काहीही संबंध नव्हता अशा दोन देशांचा हिशेब मांडायच्या.

संबंध ताईंचा होता. त्यांची मुलगी सायली पोर्तुगालमध्ये, पोर्तो शहरात राहायची. इथे युनीत, म्हणजे विद्यापीठात, भेटलेल्या एका पोर्तुगीज मुलाशी तिने लग्न केलं आणि त्याच्याबरोबर तिकडे गेली. मुलगा ओंकार बहिणीला भेटायला म्हणून गेला, सरहद्द ओलांडून स्पेनमधल्या विगो नावाच्या बंदरात भटकला आणि तिथेच एका जहाजबांधणीच्या कंपनीत नोकरीला लागला. ताईंचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. सिडनीतल्या क्वेकर्स हिलमधलं घर एकटीला मोठं होत होतं आणि निवृत्ती जवळ आली होती. स्वतःचं नियमित उत्पन्न असेल तर निवृत्त माणसाला दोन्ही देश राहायला देतात. पण राहण्याचा परवाना शेवटी एकाच देशाचा काढायचा. म्हणजे म्हातारपण कोणत्या मुलाजवळ काढायचं, हे ताईंना ठरवायचं होतं.

त्या मात्र तसं कधी म्हणायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "देश ठरवायचाय."

ताई पेरोलमध्ये, म्हणजे पगाराच्या खात्यात होत्या आणि त्या खात्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांना मोटरवेवर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून ऑफिसला त्या माझ्याबरोबर यायच्या. मूळच्या सांगलीच्या. अंगात कुडता, त्यावर कंपनीचं नाव भरतकाम केलेलं जाकीट, पायात पांढरे बूट आणि मांडीवर पिशवी. पिशवीतून मँडरिन, म्हणजे छोटं संत्रं, निघायचं. ते सोलून अर्धं त्या माझ्या डाव्या तळहातावर ठेवायच्या. अर्धं म्हणजे अगदी अर्धं. एखादी फोड जास्त निघाली तर तीही तोडून वाटायच्या. रस माझ्या शर्टावर पडायचा. मला ते आवडायचं नाही आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता तो डाग पडत नाही, याचंच वाईट वाटतं.

मी एकदा गाडीत सहज म्हटलं, "ताई, मला आपला पोर्तुगाल बरा वाटतो."

"का? स्पेनने तुझं काय घोडं मारलंय?"

"तसं नाही, पण तुम्हीच म्हणालात ना, स्पेनमध्ये रात्री दहाला जेवतात."

"जेवू देत की. मला कोण बांधून ठेवणारे? आणि पोर्तोची घरं पाहिलीस का तू? हिवाळ्यात भिंतींना ओल येते. हीटिंग नाही. सायली घरात जाड कोट घालून बसते."

दुसऱ्या दिवशी मी स्पेनची बाजू घेतली. तर त्या पोर्तुगालसाठी भांडल्या. तिसऱ्या दिवसापासून मी फक्त "हं" म्हणू लागलो. मी मनापासून ऐकायचो, पण मला ती देशांचीच तुलना वाटत होती. मी तेव्हा खरंच तसं समजत होतो.

खाऊ घालण्याच्या बाबतीत ताईंना कोणी अडवू शकत नसे. एकदा टोंगा बेटांवरून आलेला एक दांडगा ड्रायव्हर ओव्हरटाइम चुकला म्हणून तणतणत वर आला. दार आपटलं, आवाज चढला. ताईंनी मान वर न करता खुर्ची दाखवली. "सिट फर्स्ट." तो बसला. त्यांनी ड्रॉवरमधून चकलीचा डबा काढला. "ईट."

"आय डोन्ट वॉन्ट..."

"ईट, ईट. आय मेड इट."

त्याने एक खाल्ली. ताईंनी स्क्रीनवर त्याची शिफ्ट शोधली, चूक आमचीच निघाली, दुरुस्त केली. "वन मोअर." त्याने दुसरी घेतली. "फॉर द रोड," म्हणून त्यांनी त्याच्या हातात कागदात बांधून दिल्या. त्यानंतर तो काही काम नसतानाही वर यायचा. चूक नसली तरी ताईंना "एनी मिस्टेक, मम?" असं आशेने विचारायचा.

पण हाच आग्रह घरच्या मुलांच्या बाबतीत त्या करत नसत. हे मी आमच्याच घरी पाहिलं. एका शनिवारी त्या जेवायला आल्या होत्या. मेधाने, माझ्या बायकोने, पुरणपोळी केली होती. ताईंनी आमच्या चिरंजीवांच्या ताटावर पोळी धरली. तो मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "आयम गुड, थँक्स." ताईंचा हात जागच्या जागी थांबला आणि मागे गेला. पोळी त्यांनी परत डब्यात ठेवली.

"वाढा हो ताई," मेधा म्हणाली, "तो खातो. लाजतोय."

"नको. नको म्हणाला ना." मग हसून म्हणाल्या, "मुलं इथे वाढवताना मी एवढं शिकले बघ. एकदा नाही म्हटलं की हात मागे घ्यायचा. नाहीतर त्यांना वाटतं, आई आपलं ऐकतच नाही."

मी हे ऐकलं, आणि दुसरी पोळी घेतली.

आता आमच्या मूर्खपणाबद्दल सांगतो. आयटीमधल्या माणसांना एक खोड असते. दोन कंपन्यांपैकी कोणाचं सॉफ्टवेअर घ्यायचं हे ठरवायला आम्ही फळ्यावर तक्ता काढतो. एकेका मुद्द्याला वजन द्यायचं, मग गुण द्यायचे, बेरीज करायची. ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. या पद्धतीवर माझा इतका विश्वास आहे की घरासाठी फ्रिजसुद्धा मी असाच घेतला. एका शुक्रवारी लंचनंतर मी ताईंना मीटिंग रूममध्ये घेऊन गेलो. माझ्या टीममधला हरप्रीत बरोबर होता.

"आंटीजी, आज फैसला कर ही देते हैं," हरप्रीत मार्कर फिरवत म्हणाला.

हवा, डॉक्टर, घरभाडं, भाषा, महागाई, विमानतळ. मी ओळी आखल्या. पोर्तोत परदेशी लोक येऊन राहू लागल्याने भाडी चढली आहेत, म्हणून तिथे पोर्तुगालचे गुण कापले. सरकारी दवाखान्यात डॉक्टर मिळायला थांबावं लागतं, तिथेही कापले. भाषेत पोर्तुगालला चांगले मिळाले. बेरीज केली. स्पेन पुढे गेला.

ताई खुर्चीतून उठल्या. "घरभाड्याला एवढं वजन कशाला? मी काय भाड्याच्या घरात राहणारे?" वजन कमी झालं. पोर्तुगाल पुढे गेला. ताई फळ्याकडे बघत राहिल्या. "विमानतळ काढ. मी काय रोज उडणारे?" विमानतळ गेला. स्पेन पुढे आला. "मग महागाई जरा वाढव." असं करत करत दोन्ही बेरजा सारख्या झाल्या, तेव्हा ताईंनी माझ्या हातातला मार्कर काढून घेतला आणि टोपण लावलं. "हे बघ. सारखेच."

हरप्रीत म्हणाला, "आंटीजी, आपने तो मैच फिक्स कर दिया!"

आम्ही तिघंही हसलो. मी गमतीत म्हटलं, "ताई, हा काही निकाल नाही. कोणीतरी हरायलाच हवं." ताई हसता हसता थांबल्या. डस्टर घेऊन त्यांनी फळा पुसला, कोपऱ्यांपर्यंत, काळजीपूर्वक. आमच्या ऑफिसात फळा कोणी पुसत नाही.

घरी जाताना गाडीत मँडरिन निघालं नाही. मला वाटलं, आपण काहीतरी बोलायला नको होतं ते बोललो. शांतता मला सोसत नाही, म्हणून मी म्हटलं, "ताई, तक्त्यात एखादी ओळ राहिली का आपली?"

"राहिली की."

"कुठली?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "बोलावणं."

मला कळलं नाही. त्यांनी ते ओळखलं आणि सावकाश सांगितलं. "सायली म्हणते, आई, इट्स युअर कॉल. ओंकार म्हणतो, व्हॉटेव्हर मेक्स यू हॅपी, मम. गुणी आहेत रे दोघं. भांडत नाहीत, ओढाताण करत नाहीत. पण 'आई, माझ्याकडे ये', असं दोघांपैकी एकही म्हणत नाही. तूच सांग, कोणी बोलावल्याशिवाय कायमचं राहायला कसं जायचं? सांगलीला तर जेवायलाही कोणी असं जात नाही." मग म्हणाल्या, "म्हणून मी पावाचे भाव बघत बसते."

तुम्हाला हे आधीच लक्षात आलं असेल. मला इतके महिने शेजारी बसून आलं नव्हतं. त्या दोन देशांना आळीपाळीने पुढे-मागे करत होत्या, कारण दोन्हीकडून काहीच येत नव्हतं. आणि मी त्यांना फळ्यावर वजनं काढून देत होतो.

त्या संध्याकाळी मला माझ्या वडिलांची आठवण आली. बाबा पुण्यात धाकट्या भावाकडे असतात. दर रविवारी फोन ठेवताना मी म्हणतो, "बाबा, तुम्हाला जमेल तेव्हा या." हे वाक्य मला फार समंजस वाटायचं. त्यांच्यावर दडपण नको, भावालाही वाईट वाटायला नको. त्या रविवारी मी म्हटलं, "बाबा, तुम्ही याच. मी तिकीट काढतो."

पलीकडून बाबांनी आवाज खाली आणून विचारलं, "का रे, नोकरी गेली का?"

काही दिवसांनी एका शनिवारी मी मागच्या अंगणात गवत कापत असताना सायलीचा फोन आला. ताईंचे यजमान गेले तेव्हापासून माझा नंबर तिच्याकडे आहे. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर ती म्हणाली, "काका, एक विचारू? मम स्पेनकडे झुकतेय का?"

"तुला काय वाटतं?"

"आय डोन्ट नो. ती मला ओंकारच्या तिथल्या हॉस्पिटल्सबद्दलच सांगत असते. किती चांगली आहेत, वगैरे." मग तिचा आवाज बदलला. "मी तिच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय, काका. पिवळी. तिला आवडतो ना पिवळा. प्लीज तिला सांगू नका."

"अगं, मग तूच सांग ना तिला. ये म्हण."

"नाही. ओंकार आणि मी ठरवलंय, दोघांनीही पुश करायचं नाही. मी बोलावलं आणि ती आली, तर त्याला वाटेल मी ओढून नेली. त्याने बोलावलं तर मला तसंच वाटेल. आणि ती नाही म्हणू शकणार नाही, यू नो हर. तिने स्वतः ठरवू दे. प्रॉमिस मी, तुम्ही काही बोलणार नाही."

मी "नो वरीज" म्हणालो. इथे राहून या दोन शब्दांची इतकी सवय लागते की आपण वचन दिलं की नुसता फोन ठेवला, हे आपल्यालाही धड कळत नाही.

मेधा म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. मुलीला दिलेला शब्द आहे." तिचं बरोबर होतं. शब्द पाळला तर ताई बोलावण्याची वाट बघत बसणार आणि मुलं त्यांच्या निर्णयाची. मोडला तर सायलीचा विश्वास जाणार. रविवारभर मी हे उलटसुलट करत होतो, आणि सोमवारी मोटरवेला लागल्या लागल्या सगळं सांगून टाकलं. पिवळ्या खोलीसकट.

एक एक्झिट गेली, दुसरी गेली. मी चोरून बघितलं तर ताईंनी पिशवी छातीशी धरली होती.

"गाढवं आहेत दोघं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण शिकवलं मीच ना! लहानपणी ताटात शेवटची वडी राहिली की मी सांगायचे, दुसऱ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हा तिला विचारायचा, तू घे. ती त्याला म्हणायची, नाही, तू घे. कौतुक वाटायचं मला. शेजारणींना सांगायचे, माझी मुलं कधी हावरटपणा करत नाहीत."

"मग वडीचं काय व्हायचं?"

"काय व्हायचं! वाळायची ताटातच." आणि मग त्या हसायला लागल्या. इतक्या, की पदर नसल्यामुळे त्यांना जाकिटाच्या बाहीने डोळे पुसावे लागले. "शेवटी मीच खायचे रे ती."

मला वाटलं होतं, त्या त्याच दिवशी मुलांना फोन करून रडतील किंवा रागावतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. मुलांना त्यांनी कधी कळूही दिलं नाही की त्यांना माहीत आहे. माझा शब्द मी मोडला होता, तो त्यांनी झाकून ठेवला. काही आठवड्यांनी लंचला त्यांनी झाकण ठेवलं, ग्लास ठेवला, आणि दोन्हींच्या मध्ये, डब्याच्या जागी, चमचा आडवा ठेवला.

"ही नदी," त्या म्हणाल्या.

ती नदी म्हणजे मिन्हो. तिच्या अलीकडे पोर्तुगालचं वालेंसा नावाचं छोटं गाव, पलीकडे स्पेनचं तुई. मध्ये पूल. स्पेनची माणसं टॉवेल आणि चादरी घ्यायला अलीकडे येतात, पोर्तुगालची माणसं पेट्रोल भरायला पलीकडे जातात. सायली दक्षिणेला, ओंकार उत्तरेला.

"मी कोणाकडेच जात नाहीये," ताई म्हणाल्या. "मी माझ्या घरात जातेय. घर वालेंसात."

हरप्रीत म्हणाला, "तो पोर्तुगाल जीत गया, आंटीजी?"

"कुठला जीतला? तिथून ओंकारचं विगो जवळ, सायलीचं पोर्तो लांब. म्हणून ओंकारला अंतर दिलं आणि सायलीला देश दिला. झालं समान!"

"आणि मुलं काय म्हणाली?" मी विचारलं.

"त्यांना विचारलं कुठे? सांगितलं. दर रविवारी जेवायला यायचं. कारण सांगायचं नाही, नो प्रेशर वगैरे काही नाही. प्रेशरच आहे, म्हटलं." त्यांनी चमचा, म्हणजे नदीच, उचलली, उसळीत बुडवली आणि तोंडात घातली. "ओंकार रडला रे फोनवर. एवढा घोडा झालाय आणि रडला. म्हणाला, मम, मला वाटलं तू सायलीकडे जाणार."

त्यानंतर सगळं भराभर झालं. घर विकलं, सामान वाटलं. आमच्याकडे त्यांची मोठी परात आली. ऑफिसात केक कापला, साहेबांनी "गुड ऑन या" म्हणून पाठ थोपटली. टोंगाच्या ड्रायव्हरने त्यांना एक फुलांची माळ घातली आणि बराच वेळ त्यांचा हात सोडला नाही. आम्ही सगळे म्हणालो, छान निर्णय, योग्य निर्णय. मीही म्हणालो. नंतर माझ्या लक्षात आलं, ताईंनी देश निवडण्यात एवढा काळ घालवला, त्या काळात आमच्यापैकी कोणीच त्यांना म्हणालं नव्हतं की इथेच रहा. आम्हीही तितकेच सभ्य होतो.

विमानतळावर मी आणि मेधा सोडायला गेलो होतो. बॅगा गेल्या. आत जायच्या दारापाशी मी म्हटलं, "ताई, नाही जमलं तर परत या."

ताई दोन पावलं गेलेल्या, त्या वळल्या. "असं का रे? जमलं तरी ये म्हण की!"

"जमलं तरी या," मी म्हटलं. "आमच्याकडेच उतरायचं. दुसरीकडे नाही." माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. माझ्या आयुष्यात बोलायच्या वेळी न बोललेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. ही एक वेळेवर बोललो.

ताईंच्या जागी आता एक तरुण मुलगा आहे. हुशार आहे, कामाला चोख आहे. कानात हेडफोन घालून तो डेस्कवरच सॅलड खातो. हरप्रीत आणि मी लंचला समोरासमोर बसतो आणि गाड्यांबद्दल बोलतो. ओव्हरटाइमच्या तक्रारी हल्ली ईमेलने येतात.

गेल्या रविवारी संध्याकाळी ताईंचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. त्यांनी फोन कुठल्याशा बरणीला टेकवून ठेवला होता आणि त्या कांदा चिरत होत्या. अंगात जाड स्वेटर.

"भिंतींना ओल आहे का, ताई?"

"आहे ना. सायली म्हणाली होती तशीच. मरू दे." मग सुरी थांबवून, डोळे बारीक करून म्हणाल्या, "तुला एक मजा सांगते. इथे पोर्तुगालमध्ये एकला जेवतात. पलीकडे स्पेनमध्ये दोनला. आणि पलीकडचं घड्याळ एक तास पुढे! म्हणजे सायली तिच्या वेळेला जेवते, ओंकार त्याच्या वेळेला जेवतो, आणि मी पानं एकदाच वाढते. कुठल्या तक्त्यात होतं हे?"

"कुठल्याच नाही, ताई."

"तुझे बाबा कधी येतायत?"

"पुढच्या महिन्यात."

"मग त्यांना घेऊन इकडेही या. बघू-बिघू नको. तारीख सांग."

मी तारीख सांगणार, एवढ्यात तिकडे दारावरची घंटा वाजली. ताईंनी हात पुसायला फडकं ओढलं, ते बरणीला लागलं आणि फोन आडवा झाला. पडद्यावर फक्त पांढरं छत आणि दिव्याची लोंबती वायर. चपलांचा आवाज लांब गेला. कडी निघाली. कोणीतरी पुरुष पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलला, कुत्रं भुंकलं, आणि सायलीचा आवाज आला, "मम, स्मेल्स अमेझिंग!"

मेधा माझ्यामागे येऊन उभी राहिली. "कोणाचा फोन आहे?" मी तिला हाताने गप्प राहायला सांगितलं आणि आम्ही दोघं त्या छताकडे बघत राहिलो.

"किती उशीर केलास गं!" ताई दारातून ओरडत होत्या. जेवायला अजून निम्मी सकाळ बाकी होती.